आडकाठी नसल्याचा दाखला

आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन एम. ए. झालेली एक विद्यार्थिनी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. तिचे लग्न ठरले आहे. ते इटलीत, सिएनाजवळच्या एका खेड्यातील जुन्या व्हिलात, ऑक्टोबर महिन्यात आणि अवघ्या तीस माणसांच्या उपस्थितीत व्हावे असा दोघांचा बेत आहे. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे. लग्न परदेशात होण्याबद्दल त्यांची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती तीस या आकड्याबद्दल. चारचौघांच्या अक्षता पडल्या नाहीत ते लग्न कसले, असे त्यांचे म्हणणे. मुलगी मला लिहिते, "सर, लग्न आमचे दोघांचे. त्यात गावाचा काय संबंध?"

पत्रासोबत तिने तिथल्या नगरपालिकेने मागितलेल्या कागदपत्रांची यादी धाडली होती. तीत 'नुल्ला ओस्ता' नावाचा एक दाखला आहे. या शब्दांचा सरळ अर्थ 'काहीही आड येत नाही' असा होतो. इटलीच्या १९४२ च्या नागरी संहितेतील ११६ व्या कलमानुसार तिथे लग्न करू इच्छिणाऱ्या परकीयाने आपल्या देशाच्या अधिकाऱ्याकडून हा आडकाठी नसल्याचा दाखला आणावा लागतो. त्याच संहितेचे १०६ वे कलम अधिक गमतीचे आहे. विवाह नगरपालिकेच्या वास्तूत आणि जाहीरपणे व्हावा, असे ते सांगते. त्यामुळे व्हिलातील लग्न कायदेशीर ठरायचे, तर त्या व्हिलाचे एखादे दालन नगरपालिकेने आधी आपली कचेरी म्हणून नेमलेले असावे लागते. आपल्या मोजक्या माणसांत, जगाच्या नजरेआड लग्न करायचे म्हणून इतक्या दूर जायचे आणि कायद्यापुरते ते सरकारी कचेरीत, उघड्या दारांनी लावून घ्यायचे! अनेक परदेशी जोडपी म्हणूनच कायद्याचा भाग मायदेशी उरकतात आणि तिथे केवळ सोहळा करतात.

वडिलांचा आक्षेप सातारी आहे खरा, पण त्याचा इतिहास इटलीत फार मोठा आहे. लग्न कोणाचे, दोघांचे की गावाचे, हा प्रश्न त्या देशात शतकानुशतके न्यायालयांत, धर्मपरिषदांत आणि कादंबरीत लढवला गेला. त्या लढाईत मोजक्या माणसांतले लग्न ही बहुधा दुबळ्या पक्षाची बाजू नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

पंधराव्या शतकातले फ्लॉरेन्स घेऊ. चर्चच्या तत्कालीन मतानुसार वधूवरांची परस्परसंमती म्हणजेच विवाह. पुरोहित नसला, साक्षीदार नसले, तरी तो वैध. फक्त सिद्ध करणे कठीण. लुसान्ना नावाची एक विधवा, कारागिराची मुलगी. १४५३ साली जोव्हान्नी देल्ला काझा या धनिक घराण्यातील पुरुषाशी आपला विवाह झाल्याचे तिचे म्हणणे होते. विवाह गुप्त ठेवायचा होता, म्हणून नोटरीऐवजी एका भिक्षूला बोलावले गेले. आणखी दोन वर्षांत जोव्हान्नीने आपल्या तोलामोलाच्या घरातली मुलगी थाटामाटात पत्करली. लुसान्ना आर्चबिशपच्या न्यायालयात गेली. आर्चबिशप आंतोनिनो यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. जोव्हान्नीने रोममध्ये दाद मागितली आणि तो निकाल फिरला. जीन ब्रुकर या इतिहासकाराने १९८६ साली या खटल्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले आहे. गुप्त लग्नाचा फायदा कोणाला होतो, हे या एका खटल्यावरून पुरेसे कळते. रोमिओ आणि ज्युलिएटचे लग्नही असेच, एका भिक्षूसमोरचे. शेक्सपिअरच्या कितीतरी आधी ती कथा लुइजी दा पोर्तो याने लिहिली आणि तीही व्हिचेन्झाजवळच्या आपल्या ग्रामीण व्हिलात राहून, असे मानले जाते.

उत्तर इटलीतील ट्रेंट येथे १५४५ पासून १५६३ पर्यंत, मधूनमधून खंड पडत, भरलेल्या धर्मपरिषदेने हा घोळ मिटवायचे ठरवले. ११ नोव्हेंबर १५६३ रोजी संमत झालेला 'तामेत्सी' हा ठराव सांगतो की, विवाहापूर्वी तीन सणवारांना प्रार्थनासभेत त्याची जाहीर घोषणा व्हावी, कोणास हरकत असल्यास ती मांडता यावी आणि विवाह धर्मगुरू व दोन-तीन साक्षीदार यांच्या समोर व्हावा. अन्यथा तो विवाहच नव्हे. आईबापांच्या संमतीवाचून झालेले लग्न मात्र तेवढ्याने रद्द ठरत नाही, हेही परिषदेने ठासून सांगितले. फ्रान्सच्या बिशपांना ते रुचले नव्हते. म्हणजे गाव साक्षीला हवे, पण बापाचा होकार अनिवार्य नाही, अशी ही व्यवस्था. (वसई-गोव्याच्या वाचकांना ही घोषणा नवी नाही. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ट्रेंटचे ठराव आपल्याकडे आणले. गोव्यातील नागरी विवाहातही निबंधकापुढे आधी एक निवेदन करायचे आणि मध्ये काही दिवस जाऊ देऊन त्यावर पुन्हा सही करायची, अशी दुपदरी रीत आहे.)

बड्यांना या जाचातून वाट काढता येत असे. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को मेदिची याची पहिली पत्नी १५७८ च्या एप्रिलमध्ये वारली आणि जूनमध्ये त्याने बियांका काप्पेल्लोशी गुपचूप लग्न केले. जाहीर सोहळा पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात झाला. पोज्जो आ कायानो येथील मेदिचींच्या व्हिलात १५८७ च्या ऑक्टोबरात दोघेही एका दिवसाच्या अंतराने मरण पावली. विषप्रयोग की हिवताप, यावर संशोधकांचे एकमत आजही नाही. याच व्हिलात, कोझिमो मेदिचीशी लग्न करण्यासाठी आलेली एलेओनोरा दे तोलेदो १५३९ साली फ्लॉरेन्समध्ये प्रवेश करण्यापूर्वी उतरली होती. आपल्याकडचे सीमांतपूजन आठवावे; फक्त वेशीवर थांबायचे ते इथे वधूने.

आणि ज्यांना वाट काढता येत नसे त्यांचे काय? त्यांच्यासाठी आलेस्सांद्रो मांझोनी यांची कादंबरी आहे. 'इ प्रोमेस्सी स्पोझी', म्हणजे 'वाग्दत्त वधूवर', ही १८२७ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि १८४० ते १८४२ या काळात भाषेचा कायापालट करून मांझोनींनी ती पुन्हा छापली. जगातली एक थोर कादंबरी एका ठरलेल्या, दुसऱ्या दिवशी व्हायच्या लग्नावर उभी आहे, याकडे आपल्या तौलनिक साहित्याच्या वर्गांत पुरेसे लक्ष जात नाही. काळ ७ नोव्हेंबर १६२८ ची संध्याकाळ. स्थळ कोमो सरोवराच्या लेक्को बाजूच्या फाट्याजवळचे एक खेडे. रेशमाच्या धंद्यातला रेंझो आणि त्याची वाग्दत्त वधू लुचिया यांचे लग्न उद्यावर आले आहे. डॉन रॉद्रिगो या स्थानिक सरदाराचा लुचियावर डोळा आहे. त्याचे दोन गुंड धर्मगुरू डॉन अब्बोंदियोला रस्त्यात गाठून हे लग्न लावायचे नाही अशी तंबी देतात. भेदरलेला धर्मगुरू रेंझोला काय सांगतो? कायद्यातील अडथळ्यांची लॅटिन यादी घोकून दाखवतो. रेंझोला लॅटिन येत नाही. ज्या नियमांनी लुसान्नासारखीचे रक्षण व्हायचे, तेच नियम भित्र्या माणसाच्या तोंडी टाळाटाळीचे साधन होतात.

पुढे लुचियाची आई अॅग्नेसे एक युक्ती सुचवते. ठरावात धर्मगुरूची उपस्थिती सांगितली आहे, त्याची इच्छा सांगितलेली नाही. दोन साक्षीदार घेऊन अचानक त्याच्यापुढे उभे राहावे, 'ही माझी पत्नी', 'हा माझा पती' एवढे उच्चारावे, की लग्न झाले. आठव्या प्रकरणात रात्रीच्या वेळी हे घडवून आणण्याचा प्रयत्न होतो. रेंझो आपले वाक्य पुरे करतो. लुचियाचे पहिले शब्द फुटतात न फुटतात तोच अब्बोंदियो टेबलावरचे कापड तिच्या तोंडावर फेकून तिचा आवाज दाबतो. आरडाओरड होते, घंटा घणघणते, सारे गाव जागे होते आणि हे दोघे रातोरात होडीतून सरोवर ओलांडून परागंदा होतात. चार माणसांतल्या लग्नाचे इतके विनोदी आणि इतके करुण वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. वाक्य अर्धे राहिले म्हणून लग्न अर्धे राहिले, हा विनोद. पण तोंड दाबले गेले ते बाईचे, हे मांझोनींनी न सांगता सांगितले आहे.

आता ऋतूविषयी. ट्रेंटच्याच नियमांनी नाताळपूर्वीच्या ॲडव्हेंट काळापासून एपिफनीच्या सणापर्यंत आणि पुन्हा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात थाटाचे लग्न निषिद्ध ठरवले होते. शेतकऱ्याला द्राक्षांची तोडणी आटोपल्यावर आणि ॲडव्हेंट लागण्यापूर्वी जी थोडी फट मिळे, तीत लग्ने होत. आपल्याकडे चातुर्मास संपून तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतात, तशातलाच प्रकार. जमीनमालकासाठी मात्र शरद ऋतू वेगळ्या कारणाने व्हिलाचा होता. लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतवाडी, तिथले घर-कोठारासकट. शहरातला मालक तोडणीवर देखरेख करायला तिथे जाई. पुढे देखरेख राहिली बाजूला आणि मौज उरली. व्हेनिसच्या अमीर-उमरावांचा ऑक्टोबरच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा मुक्काम व्हिलात असे. कार्लो गोल्दोनी यांनी १७६१ साली या खुळावर तीन नाटकांची मालिकाच लिहिली. पहिल्या नाटकातली एक तरुणी शिंप्याने नव्या तऱ्हेचा पोशाख वेळेवर दिला नाही म्हणून कासावीस झाली आहे, आणि त्या पोशाखाचे नाव आहे 'मारियाज', म्हणजे लग्न! नायिका जाचिंता मात्र मन दुसऱ्यावर जडलेले असूनही दिलेल्या शब्दाखातर कर्जबाजारी लेओनार्दोशी लग्न करते. हसता हसता ही नाटके फार उदास होत जातात.

पण व्हिलाचा खरा इतिहास त्याच्या भोवतालच्या घरांत आहे. तोस्कानाच्या टेकड्यांवर जी दगडी शेतघरे दिसतात, ज्यांची चित्रे आज लग्नाच्या माहितीपुस्तकांत असतात, ती अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुटुंबांची. या पद्धतीला तिथे 'मेझ्झाद्रिया' म्हणतात. जमीन व घर मालकाचे, राबणे कुटुंबाचे आणि पीक निम्मे-निम्मे. माणसे शेताच्या मापाची हवीत: कमी झाली तर काम अडते, वाढली तर निम्म्या वाट्यात भागत नाही. म्हणून पुष्कळ करारांत असे कलम असे की, मालकाच्या परवानगीवाचून घरातील कोणीही लग्न करू नये. कुटुंबप्रमुखाने टोपी हातात घेऊन व्हिलावर जायचे आणि मुलाच्या लग्नाला अनुमती मागायची. नाकारली, तर थांबायचे. न विचारता केले, तर जमीन सोडण्याची नोटीस. उत्तर इटलीत शेतकऱ्याचा करार संपून बिऱ्हाड हलवायचा दिवस म्हणजे सेंट मार्टिनचा, ११ नोव्हेंबर. तिथल्या बोलीत 'सान मार्तिनो करणे' म्हणजे घर सोडणे. ट्रेंटचा ठराव झाला तोही हाच दिवस, हा योगायोग असेल. पण मी वर्गात तो आवर्जून सांगतो.

धर्मगुरूचा मान मुलामुलीच्या होकारापुढे एक वेळ वाकेल, पण मालकाच्या हिशेबवहीत त्या होकाराला रकाना नव्हता. असे किती होकार त्या व्हिलांच्या कचेरीत वर्षानुवर्षे थांबून राहिले असतील!

दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे कारखान्यांकडे निघाली. १९६४ च्या ७५६ क्रमांकाच्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. शेतघरे ओस पडली, मग परदेशी लोकांनी ती घेतली. १९८५ साली शेतावरील पाहुणचाराचा, म्हणजे 'आग्रितुरिस्मो'चा कायदा झाला आणि गोठ्यांत खोल्या निघाल्या. व्हिलांत लग्ने होऊ लागली ती या क्रमाने. कोमो सरोवरावरील बाल्बियानेल्लो हा व्हिला मुळात फ्रान्सिस्कन मठ, पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल दुरिनी यांचे निवासस्थान. शेवटचे मालक गुइदो मोंझिनो यांनी तो १९८८ साली वारसावास्तू जपणाऱ्या एका न्यासाला दिला. तिथे नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचे लग्न कोकणी आणि सिंधी अशा दोन पद्धतींनी झाले. पाहुणे मोजके, छायाचित्रे बाहेर जाऊ नयेत असा कडेकोट बंदोबस्त. नोव्हेंबरच्याच दिवसांत, त्याच सरोवराच्या दुसऱ्या फाट्याजवळ, मांझोनींची दोन माणसे लग्नाविना रात्री होडीत बसली होती.

विद्यार्थिनीला मी हे सारे लिहिले. तिचा बेत बदलावा असा हेतू नव्हता. तिच्या तीस माणसांना माझी हरकत नाही. न विचारता, हवे तिथे, हवे त्याच्याशी लग्न करता येणे ही लुचियाला न मिळालेली गोष्ट आहे. वडिलांशीही फोनवर बोलणे झाले. त्यांना मी कादंबरीचा शेवट सांगितला. १६३० च्या प्लेगात डॉन रॉद्रिगो मरतो, त्याची मालमत्ता एका सज्जन मार्क्विसकडे जाते, आणि अखेर रेंझो व लुचियाचे लग्न तोच अब्बोंदियो लावतो. मेजवानी होते ती पूर्वीच्या जुलमी सरदाराच्याच वाड्यात. मार्क्विस स्वतः वधूवरांना पानावर बसवतो, वाढायलाही हातभार लावतो आणि मग धर्मगुरूला घेऊन वेगळ्या खोलीत जेवायला जातो. त्याच्या अंगी त्यांच्या खाली उभे राहण्याइतकी नम्रता होती, बरोबरीने बसण्याइतकी नव्हती, अशा अर्थाची कोपरखळी मांझोनी तिथे मारतात.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "यजमानाने मागून जेवावं, हे रीतीला धरूनच झालं. पण दुसऱ्या खोलीत का?"