मिस सिंथिया फॅरार : एका धर्मनिष्ठ शिक्षिकेचे चरित्र आणि त्याचा ऐतिहासिक अर्थ

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना मिशनरी शिक्षिकांविषयी दोनच तऱ्हेची विधाने करण्याची आपल्याकडे रूढी पडून गेली आहे. एका पक्षाच्या मते शाळा हे निमित्त असून धर्मांतर हाच त्यांचा हेतू होता. दुसरा पक्ष त्यांना ज्ञानदानाच्या निरपेक्ष उपासिका ठरवितो आणि त्यांच्या धर्मश्रद्धेचा उल्लेख ओझरता करून पुढे जातो. हे दोन्ही पक्ष एका व्यक्तीच्या चरित्रावर घासून पाहावेत, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ती व्यक्ती म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार होत.

यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मार्लबरो या गावी झाला. १८२७ साली अमेरिकन बोर्डाने त्यांस मुंबईस धाडले. त्या वर्षाच्या अखेरीस त्या येथे पोहोचल्या, तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. बोर्डाने परदेशी पाठविलेली पहिली अविवाहित स्त्री, असे त्यांचे वर्णन नेहमी केले जाते. ते तंतोतंत खरे नाही. १८२२ साली हवाई बेटांकडे निघालेल्या मंडळीत बेट्सी स्टॉकटन ही अविवाहित कृष्णवर्णीय स्त्री होती. ती जन्माने गुलाम असून पुढे मुक्त झाली होती, आणि तिनेही हवाईत शाळा चालविली. परंतु तिची नेमणूक एका मिशनरी कुटुंबाच्या आश्रयाने झाली असल्याने इतिहासकारांनी तिचे नाव बहुधा मोजलेच नाही. प्रथमत्वाचे दावे पुष्कळदा असेच कोणाला तरी गणतीतून वगळून सिद्ध झालेले असतात.

फॅरार यांना मुंबईस बोलावण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, आणि मिशनने मुलींची पहिली शाळा १८२४ साली तेथेच उघडली. या शाळांची देखरेख मिशनरींच्या पत्नी करीत. परंतु घर, बाळंतपणे आणि येथील हवेत वारंवार येणारी दुखणी यांमुळे ती देखरेख खंडित होई. ज्या स्त्रीला या कामावाचून अन्य व्यवधान नाही, अशी शिक्षिका मिशनला हवी होती. बोर्डाच्या दप्तरात मात्र अशा स्त्रियांची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ या सदरात होई. उपदेशाचा आणि दीक्षा देण्याचा अधिकार पुरुषांकडे आणि शाळा स्त्रियांकडे, अशी ती वाटणी होती. मिस फॅरार यांनी तिच्याविरुद्ध बंड केले नाही. त्यांचे सारे आयुष्य त्या वाटणीच्या आतच गेले. त्या बंधनाचा परिणाम मात्र मोठा झाला, कारण शाळा हेच त्यांचे संपूर्ण कार्यक्षेत्र राहिले.

त्यांच्या शाळांचे स्वरूप आजच्या वाचकास काहीसे चमत्कारिक वाटेल. वर्गात प्रत्यक्ष शिकविणारे बहुधा हिंदू पंतोजी, आणि त्यांतही अनेक ब्राह्मण असत. वाचन, लेखन, थोडे गणित आणि शिवणकाम यांच्या जोडीला ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली व दहा आज्ञा मुलींकडून पाठ करून घेतल्या जात. म्हणजे मूर्तिपूजेचा निषेध करणारी आज्ञा मुलींच्या तोंडून घोकून घेण्याचे काम, घरी पूजाअर्चा करून आलेला पंतोजी करी! त्यात त्याला विसंगती वाटली नसावी. पाठांतर ही त्याची वंशपरंपरागत अध्यापनपद्धतीच होती, मजकूर तेवढा बदलला होता. मिशनच्या बाजूने पाहता ही तडजोड अपरिहार्य होती, कारण मराठी शिकविणारा दुसरा शिक्षकवर्ग उपलब्धच नव्हता. पंतोजींच्या जुन्या शाळांत मुली नसत. आणि मिशनच्या शाळेत आलेल्या मुलींचे शिक्षणही लग्न ठरताच संपे.

भाषेच्या अभ्यासकास येथे थोडे थांबावेसे वाटते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. मिस फॅरार त्यापूर्वी तीन वर्षे मुंबईत आलेल्या असल्यामुळे त्यांनी मराठीचे पहिले धडे त्या कोशावाचूनच घेतले हे उघड आहे. त्यांच्या मुलींच्या हाती पडलेली मराठीही विशिष्ट होती. पंतोजींच्या शाळेत मुलगे मुख्यतः मोडी वळण गिरवीत, कारण त्या शिक्षणाचे ध्येय जमाखर्च आणि पत्रव्यवहार हे होते. मिशनने छापखाना घातला तो बाळबोध लिपीचा. मत्तयाचे शुभवर्तमान १८१७ साली मुंबईस छापले गेले, आणि १८२६ पर्यंत संपूर्ण नवा करार मराठीत उपलब्ध झाला. हिशेब किंवा कारकुनी ज्यांना करावयाची नव्हती त्या मुलींना वाचन शिकवावयाचे ते कशासाठी? मिस फॅरार यांचे उत्तर स्पष्ट होते : शास्त्र स्वतः वाचता यावे म्हणून. प्रॉटेस्टंट श्रद्धेत प्रत्येक जीवाने पवित्र ग्रंथाशी स्वतः सामोरे जावयाचे असते, आणि त्यातून स्त्री वगळता येत नाही. उपजीविकेशी संबंध नसलेले, पुस्तकासाठी असलेले वाचन सामान्य घरच्या मुलींच्या वाट्यास आले, त्याच्या मुळाशी हा धर्मसिद्धान्त आहे. म्हणूनच फॅरार यांची श्रद्धा बाजूला ठेवून त्यांच्या शाळेचा विचार करणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही.

१८३७ साली प्रकृती ढासळल्यामुळे त्या स्वदेशी गेल्या. परत येण्याची सक्ती नसताही १८३९ साली त्या परतल्या, आणि या वेळी त्यांची नेमणूक अहमदनगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) झाली. तेथे मिशनचे ठाणे १८३१ पासून होते. काळ मात्र प्रतिकूल होता. त्याच १८३९ साली मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतल्याने शहरात मोठा क्षोभ उसळला आणि मुले शाळा सोडून गेली. नगरासही त्याच वर्षी हरिपंत खिस्ती यांच्यासारख्या ब्राह्मणाचे धर्मांतर झाले. एकेक धर्मांतर म्हणजे मिशनच्या दृष्टीने विजय, पण शाळेच्या दृष्टीने संकट, असा हा पेच होता. ज्या हेतूने शाळा काढली तो सफल होताच शाळा ओस पडण्याचे भय! मिस फॅरार यांना या पेचातून वाट सापडली असे म्हणता येणार नाही. पटावरील मुली कमी झाल्या की त्या पुन्हा गोळा करावयाच्या, एवढेच त्यांच्या हाती होते. मिशनचे अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असल्यामुळे त्यांतील आशावाद जपूनच घ्यावा लागतो. तथापि वर्षानुवर्षे तेच काम करीत राहण्याचा चिवटपणा देणगीदारांसाठी कोणी उसना आणू शकत नाही.

या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची घटना मिस फॅरार यांच्या हातून घडलेली नाही. ती त्यांच्या शाळेत आलेल्या एका पाहुण्याच्या बाबतीत घडली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले तरुण जोतीराव फुले एका मित्रासह नगरास गेले असता त्यांनी मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. हा मित्र म्हणजे सदाशिव बल्लाळ गोवंडे, असे चरित्रकार मानतात. तेथील शिक्षणाची रीत आपणास फार आवडली व पुण्यास परतताच आपण मुलींची शाळा काढली, असे जोतीरावांनी स्वतः सांगितल्याचे ‘ज्ञानोदया’च्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात नमूद आहे. पुण्याची ती शाळा १८४८ सालची. सावित्रीबाईंनीही मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे अनेक ग्रंथांत आढळते. परंतु १८५१ सालच्या ‘बॉम्बे गार्डियन’मधील वृत्तांत जोतीरावांनी पत्नीस घरी शिकवून तयार केल्याचे सांगतो. या दोहोंत समकालीन वृत्तांतास अधिक वजन दिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मिस फॅरार यांचे ऋण सिद्ध करण्यास जोतीरावांची साक्ष पुरेशी आहे.

जोतीरावांनी नगरहून काय उचलले आणि काय सोडले, हे पाहण्यासारखे आहे. मुलींसाठी स्वतंत्र शाळा आणि मराठीतून शिक्षण या गोष्टी त्यांनी घेतल्या. प्रश्नोत्तरावली घेतली नाही, आणि बाप्तिस्माही घेतला नाही. संस्था तिच्या मूळ प्रयोजनापासून येथे अलग झाली. पंतोजींवर देखरेख करणारी स्त्री नगरास होती. पुण्यास वर्गातच स्त्री शिकवू लागली, म्हणजे एक पाऊल आणखी पुढे पडले. पुढल्याच वर्षी, १८४९ साली, मुंबईत ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’च्या तरुणांनीही मुलींच्या शाळा उघडल्या. सरकारी धोरणात स्त्रीशिक्षणास उघड पाठिंबा मिळावयास मात्र १८५४ चा वुडचा खलिता यावा लागला.

इकडे खुद्द मिशनमध्ये याच सुमारास वेगळेच वारे वाहू लागले. १८५४-५५ साली बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. शाळांवर फार शक्ती खर्च होते, उपदेश आणि देशी ख्रिस्ती मंडळ्या यांस अग्रस्थान द्यावे, इंग्रजी शिक्षण आवरावे, ख्रिस्तेतर शिक्षकांवर विसंबू नये, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईची इंग्रजी शाळा बंद झाली. शाळा हे धर्मप्रसाराचे दुय्यम आणि खर्चिक साधन आहे, असा बोर्डाचा निर्णय होत असता, त्याच नमुन्याच्या शाळा पुण्यात धर्मप्रसाराशिवाय चालू होत्या. मिस फॅरार नगर सोडून गेल्या नाहीत. जानेवारी १८६२ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. तेव्हा त्यांच्या भारतातील कार्यास, मधला अमेरिकेतील काळ धरून, चौतीस वर्षे होऊन गेली होती.