ब्रेकच्या पोटातली रबरी रिंग

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला लागून असलेली पोलादी तबकडी आणि तिला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर आता आपल्या ओळखीचे झाले आहेत. घरच्या अंगणात हा कॅलिपर उघडून त्यातला पिस्टन काढणारी हौशी मंडळीही पुष्कळ आहेत. पिस्टन निघाला की नळकांड्याच्या आतल्या खाचांत रबराच्या दोन रिंगा दिसतात. बाहेरची धूळ अडवते. आतली, चौकोनी कडांची, ब्रेक ऑइल अडवते. चकचकीत पिस्टनकडे सर्वांचे लक्ष जाते, या आतल्या रिंगेकडे फारसे कोणाचे जात नाही. खरे तर ब्रेकचा इतिहास बराचसा या रिंगेचाच इतिहास आहे. तो ठाऊक असला, की कॅलिपर उघडताना काय करावे आणि काय टाळावे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा सतराव्या शतकातला नियम आपण शाळेत शिकलो आहोत. १२ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनने द्रव दाबून ३० मिलिमीटरचा पिस्टन ढकलला, तर जोर सव्वासहा पट होतो. हिशेब सोपा आहे, अडचण गळतीची. इंग्लंडमधील जोसेफ ब्रॅमा याने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा त्यालाही हीच अडचण भेडसावली. पिस्टनच्या कडेला घट्ट भरण भरावे तर पाणी थांबे, पण पिस्टनही अडे. तोडगा निघाला तो वाटीसारख्या वळवलेल्या चामड्याच्या कड्याचा. आत दाब वाढला की चामडे पिस्टनला घट्ट बिलगे, दाब उतरला की सैल पडे. याचे श्रेय ब्रॅमाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ली याला दिले जाते. द्रव अडवायचा, पण पिस्टन अडवायचा नाही, ही त्या कड्याची अट आजच्या रबरी रिंगेलाही तशीच लागू आहे.

मोटारीच्या ब्रेकला हे तत्त्व लावण्यात अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याचा वाटा मोठा. १९२१ मध्ये ड्यूझनबर्ग मोटार चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक घेऊन आली. तोवर दांडे आणि तारा यांवर भिस्त होती, आणि चारही चाकांना ब्रेक सारखा लागणे हे जवळजवळ नशिबावर अवलंबून असे. मात्र लॉकहीडची सीलही चामड्याचीच होती आणि ती गळत. क्रायस्लर कंपनीच्या इंजिनिअरांनी तिथे रबर आणले आणि १९२४ च्या त्यांच्या मोटारीवर हे सुधारलेले ब्रेक दिसले.

रबराबरोबर नवे पथ्य आले. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. म्हणून त्या काळी ब्रेकमध्ये चक्क एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरीत. पुढे रबर बदलले, ग्लायकोलवर आधारलेले द्रव आले, पण पथ्य कायम राहिले. आपण त्या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, आणि हे नाव फसवे आहे. ते नेहमीच्या अर्थाने तेल नव्हेच. त्याच्या जागी इंजिन ऑइल ओतले किंवा काढलेली रिंग रॉकेल-पेट्रोलने धुतली, तर रबर फुगते आणि ब्रेक अडकून बसतो. रिंग धुवायची आणि भिजवायची ती ताज्या ब्रेक ऑइलनेच.

आता तबकडीकडे वळू. फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी पकडण्याच्या कल्पनेचे पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्येच घेतले होते. पण त्याने वापरलेले तांब्याचे पॅड कर्कश आवाज करीत आणि धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. कल्पना मागे पडली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ड्रमची गेली. १९५३ च्या जून महिन्यात फ्रान्समधील ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आणली. त्या शर्यतीत सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. ड्रम तापला की पकड सोडतो. उघड्या हवेतली तबकडी लवकर निवते, हे जगाने पाहिले.

पण एक प्रश्न उरलाच. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असते. इथे पॅड तबकडीपासून दूर कोणी घ्यायचे? डनलॉपच्या सुरुवातीच्या कॅलिपरमध्ये त्यासाठी पिस्टनच्या आत वेगळी पिन बसवलेली असे. हे काम पुढे रिंगेनेच उचलले. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला बिलगलेली रिंग थोडी पिळली जाते. लिव्हर सोडली की रबर मूळ आकारात येते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढे पुरते. पॅड झिजले, तर पिस्टन रिंगेतून थोडा पुढे घसरतो आणि तिथून पुढे तीच त्याची नवी जागा ठरते. गळती थांबवणे, पिस्टन मागे घेणे आणि ब्रेक आपोआप ‘टाइट’ ठेवणे, ही तिन्ही कामे एकट्या रिंगेकडे आली.

दुचाकीवर डिस्क ब्रेक आला तो आधी तारेवर चालणारा, १९६२ च्या इटालियन लँब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरला. द्रवाचा डिस्क ब्रेक जगभर पोहोचवला तो होंडाच्या सीबी ७५० या मोटारसायकलने. तिची आखणी चालू असताना प्रकल्पप्रमुख योशिरो हाराडा यांनी ड्रम आणि डिस्क असे दोन पर्याय सोइचिरो होंडा यांच्यापुढे ठेवले. डिस्कला वेळ जास्त लागणार होता. होंडा यांनी डिस्कच निवडला. १९६९ मध्ये ती गाडी बाजारात आली, आणि डिस्क ब्रेक ही शर्यतवाल्यांची मिरास उरली नाही.

आपल्याकडे मात्र वाट पाहावी लागली. जपानच्या यामाहा आरडी ३५० ला पुढे डिस्क होता. तीच गाडी १९८३ मध्ये राजदूत ३५० म्हणून भारतात बनू लागली तेव्हा तिला ड्रम बसवला गेला. १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर या गाड्यांनी पुढचा डिस्क ब्रेक कॉलेजच्या तरुणांपर्यंत आणला.

इथेच एक जुनी सवय सुटली. चेतक किंवा बुलेट चालवणारा माणूस ब्रेक ढिला झाला की नट फिरवायचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला “जरा ब्रेक टाइट करून दे” म्हणायचा. त्या निमित्ताने चाकाकडे नजर जायची. डिस्कमध्ये हे काम रिंग परस्पर करते, त्यामुळे गाडी काही सांगतच नाही. दरम्यान पॅड झिजत असतात, पिस्टनचा उघडा भाग चिखलात आणि पावसात न्हात असतो, त्यावर गंजाचे ठिपके पडतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेत असते. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ठरावीक ओलावा मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. लांबलचक घाट उतरताना ते उकळले तर वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर सरळ मुठीला टेकते.

म्हणून पिस्टन काढायचा प्रसंग आला, तर हा इतिहास हाताशी ठेवावा. पाइप सोडण्याआधी लिव्हरच्या दाबानेच पिस्टन हळूहळू बाहेर आणावा. जाम झालेल्या पिस्टनला कॉम्प्रेसरची हवा देताना पास्कल विसरू नये. दर चौरस सेंटिमीटरला सात किलो दाबाची हवा ३० मिलिमीटरच्या पिस्टनवर सुमारे पन्नास किलोचा, म्हणजे सिमेंटच्या भरल्या गोणीएवढा जोर देते. समोर लाकडाचा ठोकळा हवा, बोटे नव्हेत. रिंग काढताना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक खाचेला लागले, तर तो ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. लाकडी काडी बरी. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर घासत बसू नये, तो बदलावा. रिंगा नेहमी नव्याच घालाव्यात. पिस्टन सरळ धरून बोटांच्या दाबाने आत जायला हवा. हातोडी घ्यावीशी वाटली, तर काहीतरी तिरके बसले आहे असे समजावे. शेवटी ब्रेकमधली एअर पूर्ण काढून, लिव्हर टणक लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीचे काम जाणकार वर्कशॉपवर सोपवणे शहाणपणाचे.

आणि कॅलिपर उघडायचा नसला, तरी दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल बदलावे, नवे पॅड घालण्यासाठी पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी तो पुसून घ्यावा. नाहीतर बाहेरचा चिखल आपणच त्या रिंगेच्या ओठाशी नेऊन ठेवतो. नट फिरवण्याचे काम रिंगेने आपल्याकडून घेतले आहे, पाहण्याचे काम अजून आपलेच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)