जामनेरचे बारा कधी वाजतात?

खान्देशातल्या जामनेरच्या बाजारपेठेतल्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जामनेर साधारण 75.78 अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने जामनेरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागे चालतो. हा फरकही वर्षभर सारखा राहत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरा मध्यान्ह 12 वाजून 10-11 मिनिटांनी होतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला 12 वाजून 41 मिनिटांनी. सूर्योदय, सूर्यास्त, दिशा, हवेचा दाब आणि उंची दाखवणारी डिजिटल घड्याळे हल्ली तालुक्याच्या गावातही मनगटावर दिसतात. या सोयी डोंगर चढणाऱ्यांच्या हौसेसाठी आहेत आणि शेतीवाडीच्या मुलखाशी त्यांचा संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. खान्देशातल्या कालमापनाचा इतिहास पाहिला तर उलटेच दिसते. सगळ्यांची मिळून एक वेळ आणि आपल्या गावाची वेळ यांचा मेळ घालण्याची गरज इथे किमान आठशे वर्षे जुनी आहे. मनगटावरचे हे डिजिटल घड्याळ त्या कामावर नेमलेला सर्वांत अलीकडचा कारकून आहे.

याचा पहिला पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण इथे दगडात कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणलेला हा शिलालेख 1207 सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे हा लेख सांगतो. त्या मठात शिकवल्या जाणाऱ्या गणिताचा एक मोठा भाग आपल्या प्रश्नाचाच होता. सिद्धांतग्रंथांतली मूळ गणिते लंका-उज्जयिनी या मध्यरेषेसाठी मांडलेली असत. आपल्या गावासाठी उत्तर हवे असेल तर पूर्व-पश्चिम अंतरासाठी देशांतर, अक्षांशामुळे दिनमान कमीजास्त होते त्यासाठी चर, आणि सूर्याच्या असमान गतीसाठी भुजांतर व उदयांतर असे संस्कार करावे लागत. चर काढायला पलभा लागे, म्हणजे विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची पडणारी सावली. जामनेरच्या अक्षांशावर ती सुमारे साडेचार अंगुळे भरते. भूगोलाचा योगायोग असा की उज्जैनचा रेखांशही 75.78 च्या आसपास आहे. जुन्या भारतीय गणितात जामनेरला देशांतर जवळजवळ लागतच नव्हते. मुंबईच्या, मद्रासच्या किंवा प्रमाणवेळेच्या रेषेजवळच्या मिर्झापूरच्या मानाने पुढेमागे ठरलेले हे गाव त्या काळच्या हिशेबात थेट शून्यावर होते.

यावर कोणी म्हणेल की हे शास्त्र्यांचे गणित, गावाला त्याचे काय? दिवस कासराभर वर आला की औत धरायचे, दिवेलागणीला गुरे घरी आणायची आणि रात्री तिकांडे कुठे सरकले ते पाहून मोटेला उठायचे. यात घटकापळे कोण मोजत होते? आक्षेप अर्धा बरोबर आहे. एकट्याच्या कामाला डोळ्यांचा अंदाज पुरतो. पण दोन घरांना, दोन गावांना किंवा माणसाला आणि शास्त्राला एकाच क्षणी भेटायचे असेल तेव्हा अंदाज पुरत नाही. लग्नात मुहूर्ताच्या वेळी पाण्यावर तरंगणारे तांब्याचे घटिकापात्र ठेवायचे ते याचसाठी. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी चढून ते चोवीस मिनिटांत बुडाले की एक घटका भरली. ही मोजणी सूर्योदयापासून करायची, आणि सूर्योदय त्याच गावचा धरायचा. त्यामुळे अंदाज आणि मोजणी दोन्ही एकाच आकाशाला बांधलेल्या होत्या. पुढे तुटला तो हा दुवा.

तो तोडला रेल्वेने. जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग भुसावळवरून पुढे गेला आणि 1870 मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले. एवढ्या लांबच्या मार्गावर गावोगावची वेळ पाळणे अशक्य होते, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. भुसावळच्या फलाटावरचे घड्याळ त्यामुळे भुसावळच्या सूर्यापेक्षा सुमारे अठरा मिनिटे पुढे धावू लागले. मुंबईने हे सहज मानले नाही. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी 1881 मध्ये मद्रासची वेळ शहरावर लादली, ती दोन वर्षांत मागे घ्यावी लागली. 1 जानेवारी 1906 पासून देशाची प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेने एकोणचाळीस मिनिटे मागची ‘बॉम्बे टाइम’ कित्येक दशके सोडली नाही. जामनेरला असा झगडा करायची वेळच आली नाही. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची गाडी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली, तेव्हा प्रमाणवेळ लागू होऊन दहा-बारा वर्षे उलटली होती. पहूर-शेंदुर्णीकडे कापूस आणि माणसे वाहणाऱ्या या ‘पीजे’ने वेळापत्रक आणले तेच सत्तावीस मिनिटांचा फरक पोटात घेऊन. 2020 च्या टाळेबंदीत ही गाडी थांबली, तिने आणलेली वेळ मात्र शाळा, कचेरी, बाजार समिती सगळीकडे मुरलेली आहे.

मग गावाची वेळ संपली का? इतिहास लिहिणारे बहुधा तसेच लिहितात: आधी सूर्य होता, मग घड्याळ आले, घड्याळ जिंकले. पुरावा तसे सांगत नाही. रमजानमध्ये सहेरी आणि इफ्तारच्या वेळा गावानुसार बदलतात, म्हणून शहराशहरांचे वेगळे तक्ते छापले जातात किंवा एका तक्त्याखाली ‘अमुक गावी इतकी मिनिटे मिळवा’ अशी सूचना असते. पंचांगात सूर्योदय एका ठरावीक शहराचा असतो आणि इतर गावांसाठी फरक करावा लागतो. ही सूचना म्हणजे छापलेला देशांतर-संस्कारच. पंपाला थ्री-फेज वीज दिवसा मिळणार की रात्री, हे घड्याळी वेळापत्रकाने ठरते. रात्रीच्या पाळीत बांधावर उजेड कधी होणार हे मात्र सूर्य ठरवतो. एकाच शेतकऱ्याला एकाच दिवसात दोन्ही वेळा लागतात. सत्तावीस मिनिटांनी काय बिघडते, असे विचारणाऱ्याने रोजा धरणाऱ्याला विचारावे. तिथे पाच मिनिटांचाही हिशेब होतो.

डिजिटल घड्याळाची खरी जागा इथे आहे. आत सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो फक्त देशाची वेळ राखतो. सूर्योदयाची वेळ तो मोजत नाही, ती गणिताने काढली जाते. त्या गणिताला रेखांश, अक्षांश आणि तारीख लागते: देशांतर, चर आणि सूर्याच्या असमान गतीचा संस्कार यांसाठी लागणारी तीच सामग्री. कॅसिओच्या घड्याळांत ‘होम सिटी’ निवडावी लागते आणि भारतासाठी बहुधा दिल्लीचा ‘डीईएल’ हा संकेत असतो. वेळ दाखवायला तो चालतो, कारण देशभर वेळ एकच. पण सूर्योदयाच्या पडद्यावर मग दिल्लीचा सूर्य उगवतो. 21 जूनला दिल्लीत तो 5 वाजून 23-24 मिनिटांनी उगवतो आणि जामनेरला 5 वाजून 47 मिनिटांच्या सुमारास. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्ताला असाच वीस मिनिटांहून अधिक फरक पडतो, आणि तोही त्याच बाजूने: दिल्लीत अंधारले तरी जामनेरला ऊन असते. ज्या घड्याळांत अक्षांश-रेखांश भरता येतात, तिथे 21 उत्तर आणि 76 पूर्व एवढे ढोबळ आकडे भरले तरी चूक मिनिट-दीड मिनिटावर येते. जीपीएसची घड्याळे हे काम स्वतः करतात.

शेवटचा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही यंत्रे चुकतात, मग त्यांच्यावर भिस्त कशाला ठेवावी? चुकतात हे खरे. दाबावरून उंची सांगणारे घड्याळ जामनेरला घराच्या कोनाड्यात दिवसभर ठेवून दिले, तर सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत ते वीस-पंचवीस मीटर ‘वर चढलेले’ दिसू शकते. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो. दहाच्या सुमारास तो जास्त असतो, चारच्या सुमारास कमी. दाब घटला की घड्याळ समजते, उंची वाढली. अजिंठ्याच्या डोंगरात जाणाऱ्याने पायथ्याची माहीत असलेली उंची आधी भरून घेतली नाही, तर आकडा फसवणारच. पण घटिकापात्राचे छिद्र गाळाने बुजले तर तेही फसवत असे आणि पंचांगातला फरक न केला तर तेही. भास्कराचार्यांनी यंत्राध्यायात अनेक यंत्रे सांगून शेवटी बुद्धीलाच श्रेष्ठ यंत्र ठरवले, ते या अनुभवातून असावे. यंत्र चुकते म्हणून टाकून द्यायचे नसते. ते कुठे आणि किती चुकते हे वापरणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

आठशे वर्षांत गणित बदलले नाही, ते करणारा बदलला: आधी जोशी, मग पंचांग आणि तक्ते छापणारा, आता चिप. या बदलाचा तोटा असा की गणित दिसेनासे झाले आणि दिल्लीचा सूर्य जामनेरच्या मनगटावर उगवला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. फायदा असा की जोश्याकडे किंवा तक्त्याकडे न जाता प्रत्येकाला दोन्ही वेळा एकाच पडद्यावर मिळतात. प्रमाणवेळ हवीच, तिच्याशिवाय गाडी सुटणार नाही आणि बँकही उघडणार नाही. पण तिला गावाच्या वेळेची जागा देण्याचे कारण नाही. म्हणून असे घड्याळ घेणाऱ्याने गजराआधी आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरावेत आणि पहिले काही दिवस सूर्य मावळताना आकडा पडताळून पाहावा. पाटणच्या मठातला विद्यार्थीही शंकूची सावली मोजूनच आपली पलभा पक्की करत असणार.