मगनवाडीचा ख्रिस्ती हिशेबनीस



"शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, तू आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर काहीतरी लिही," असा संपादक मंडळाचा निरोप आला. मी पडले संगणक अभियंता. इतिहासाशी माझा परीक्षेपुरता संबंध दहावीलाच संपला. तरीही विषय ठरवायला वेळ लागला नाही. वर्धा म्हटले की आपण गांधीजी, विनोबा आणि जमनालालजी ही नावे घेतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याच शहरातल्या मगनवाडीत अनेक वर्षे राहून काम केलेल्या जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवते?

हा विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. मध्यंतरी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'मिशनरी' या शब्दावरून दोन दिवस वाद झाला. कुणी म्हणाले, सेवा हे निमित्त आणि धर्मांतर हा हेतू. कुणी त्यांच्या शाळा-दवाखान्यांची आठवण करून दिली. नेहमीप्रमाणे नंतर सुप्रभातचे संदेश सुरू झाले आणि वाद विरला. पण आपल्यातल्या एका मैत्रिणीने मला वेगळा निरोप पाठवला होता. तिची आजी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिने लिहिले होते, "आमच्याबद्दल बोलणं चाललं होतं, पण आम्ही त्याच ग्रुपमध्ये आहोत हे कुणाच्या लक्षात आलं नाही." हे नुसते तिचे गाऱ्हाणे नव्हते. ज्या जिल्ह्यात सर्वधर्म प्रार्थना घडली, तिथे वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो एक प्रश्नच होता. म्हणून ही गोष्ट सांगते.

आपल्या भागात ख्रिस्ती मिशनचे काम जुने आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, आदिवासींच्या भाषांचा अभ्यास केला आणि दगडगोटे व जीवाश्म गोळा करून विदर्भाच्या भूगर्भाचा वेध घेतला. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरी मागे टाकतो, तो हाच परिसर. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने उभे आहे.

पण परदेशातून आलेला मिशनरी ही ख्रिस्ती सेवेची एकच तऱ्हा झाली. आपल्याच मातीतला माणूस ख्रिस्ताच्या मार्गाने जातो तेव्हा तो काय करतो? मराठीत या प्रश्नाचे उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी स्वतःच्या आयुष्यातून दिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' उभारायला निघाले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ते आपल्या घराघरांत पोचले. कुमारप्पांना मात्र अशी लक्ष्मीबाई मिळाली नाही. ते अविवाहित राहिले.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये त्यांनी हिशेब तपासनिसाचे शिक्षण घेतले आणि मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकले. कोलंबियात सार्वजनिक वित्त हा विषय घेऊन त्यांनी हिंदुस्थानच्या गरिबीचा ब्रिटिश करपद्धतीशी असलेला संबंध शोधला. साहेबी पोशाख, उत्तम इंग्रजी, मुंबईत चाललेला धंदा. आपल्या भाषेत सांगायचे तर माणूस 'सेटल' झाला होता.

हा प्रबंध छापण्याच्या निमित्ताने मे १९२९ मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. वेळेआधी पोचले म्हणून नदीकाठी फिरू लागले. एका झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला दिसला. ते पाहत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने विचारले, "आपण कुमारप्पा का?" तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले, की हेच गांधी. मग आपल्या उंची कपड्यांची पर्वा न करता तेही जमिनीवर बसले. गांधीजींनी त्यांचा प्रबंध 'यंग इंडिया'त छापला आणि गुजरातमधल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. खेड्याखेड्यात जाऊन शेतकऱ्याचे उत्पन्न, कर्ज आणि खर्च मांडताना त्या पाहणीने त्यांची दिशाच बदलली.

देवाने बोलावले, असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे प्रकाश किंवा आकाशवाणी येते. कुमारप्पांच्या आयुष्यात तसे काही दिसत नाही. त्यांना बोलावणे आले ते आकड्यांतून. शेतकऱ्याच्या वहीत शिल्लक उरत नाही आणि ती का उरत नाही हे आपल्याला कळते, मग आपले काम कोणते? या प्रश्नापासून ते पुन्हा मागे फिरले नाहीत.

मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडू लागल्या तेव्हा त्यांनी ख्रिस्ती कार्यकर्ते आणि मिशनरी यांना जाहीर आवाहन केले. ख्रिस्ताने अहिंसा शिकवली असेल तर त्याचे अनुयायी आज गप्प कसे, हा त्यांचा सवाल होता. कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा वाद झाला. कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणुकीत बसत नाही, ही बिशपांची बाजू. ख्रिस्त स्वतःच सत्तेपुढे न वाकता सुळावर गेला, ही कुमारप्पांची. त्यांनी चर्चवर टीका केली, पण ख्रिस्ताला सोडले नाही. हे दोन्ही एकाच माणसाला करता येते, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

१९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला. मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. त्या काळातली एक गोष्ट सांगितली जाते. स्वयंसेवकाच्या रोजच्या खर्चाला त्यांनी मर्यादा घातली होती. गांधीजी आणि त्यांची मंडळी दौऱ्यावर आली, तेव्हा त्यांनी कळवले की या मंडळींचा खर्च भूकंपग्रस्तांच्या निधीतून करता येणार नाही. गांधीजींनी ते मान्य केले. ज्याच्या पायाशी बसलो त्यालाही सूट नाही, कारण पैसा घर पडलेल्या माणसाचा आहे. माझ्या दृष्टीने ही प्रार्थनाच होती, वहीत लिहिलेली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी आपली बाग आणि घर दिले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. कुमारप्पा संघाचे मंत्री झाले आणि वर्ध्याचे रहिवासी झाले. त्यांचे बंधू, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक भारतन कुमारप्पा हेही इथे आले. मगनवाडीत तेलाची घाणी सुधारली गेली. हातसडीचा तांदूळ, हातकागद, साबण आणि मधमाश्या यांवर प्रयोग झाले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला. 'ग्रामउद्योग पत्रिका' निघू लागली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले.

हे सगळे पाहून एखादा विचारेल, यात ख्रिस्ती काय आहे? घाणीला कुठला धर्म? याचे उत्तर त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच आहे. १९४२ च्या आंदोलनात त्यांना शिक्षा झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली आणि दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना लाभली. एक 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स', म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्थेबद्दल. दुसरे 'प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस'. क्रम पाहा. येशूचे आचरण आधी, उपदेश नंतर.

पहिल्या पुस्तकात त्यांनी निसर्गातल्या व्यवहारांच्या पाच पायऱ्या मांडल्या. वाघ भक्ष्याला मारून जगतो. माकड लावणी न करता बागेतली फळे खाते. पक्षी स्वतःच्या कष्टाने घरटे बांधतो. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी राबते. आणि पिलांना भरवणारी आई मोबदला मागतच नाही. शेवटची पायरी सेवेची. माणसाने आपला बाजार, आपले गाव आणि आपला देश कोणत्या पायरीवर आहे हे तपासावे, असे ते सांगतात. शूमाखर यांनी 'स्मॉल इज ब्यूटिफुल'मध्ये कुमारप्पांचा आधार घेतला, तेव्हा वर्ध्याच्या मातीत रुजलेला हा विचार जगभर पोचला.

मिशनरी आणि धर्मांतर हा वादही तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, थेट आणि सभ्यपणे झाला. जागतिक ख्रिस्ती चळवळीचे अमेरिकन नेते जॉन मॉट नोव्हेंबर १९३६ मध्ये सेगावला आले. डॉ. आंबेडकरांनी आदल्या वर्षी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली होती आणि वेगवेगळे पंथ दलितांना आपल्याकडे ओढू पाहत होते. गांधीजींना ही चढाओढ खटकत होती आणि त्यांनी ते मॉट यांना स्पष्ट सांगितले. त्यांची भूमिका सगळ्यांना पटली नाही, आणि आजही पटत नाही. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याने कोणत्या दारात जावे हे दुसऱ्याने ठरवावे का, हा प्रश्न उरतोच. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्याचे स्वतःचे उत्तर दिले. ज्या काळी बहुतेक दारे बंद होती, त्या काळी मिशनच्या शाळेचे दार उघडे होते, हेही खोडता येत नाही.

डिसेंबर १९३८ च्या सुरुवातीला, मद्रासजवळच्या तांबरमच्या परिषदेला जाण्यापूर्वी, मॉट पुन्हा आले. या वेळी बोलणे वादाचे नव्हते. आयुष्याला वळण देणारा अनुभव कोणता, असे त्यांनी विचारले. गांधीजींनी मॅरित्सबर्ग स्टेशनवरची ती थंडीतली रात्र सांगितली. मौनाबद्दल विचारल्यावर म्हणाले की सुरुवात कामाच्या शिणातून झाली, त्याचे आध्यात्मिक मोल मागाहून कळले. म्हणजे त्यांनाही आधी अर्थ कळला आणि मग कृती झाली, असे घडले नव्हते. अपमानाच्या रात्री काय करायचे ते ठरले. थकलेल्या माणसाने तोंड मिटले, आणि ऐकू येऊ लागले.

या चर्चेला कृतीची जोडही वर्ध्यातच मिळाली. त्या काळी कुष्ठरोग्यांची सेवा मुख्यतः मिशनरीच करत. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला हे काम हाती घेतले. 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेच्या १९४५ च्या आवृत्तीत गांधीजींनी कुष्ठसेवेचे श्रेय मोकळेपणाने मिशनऱ्यांना दिले आणि भारतीयाने निव्वळ प्रेमापोटी चालवलेली संस्था म्हणून दिवाणांच्या कामाचा उल्लेख केला. वाद घालायचा, तर तो असा. दुसऱ्याचे चांगले काम मान्य करायचे आणि आपणही तेच करून दाखवायचे.

कुमारप्पांचा शेवटचा काळ सोपा नव्हता. काँग्रेसच्या नियोजन समितीतून ते पूर्वीच, काही महिन्यांत बाहेर पडले होते. मोठ्या कारखान्यांच्या स्वप्नात त्यांच्या घाणीला जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतर वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या सेलडोहला त्यांनी 'पन्नै आश्रम' काढून शेतीचे प्रयोग केले. पन्नै म्हणजे तमिळमध्ये शेत. तब्येत ढासळल्यावर ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले. तिथे त्यांच्या झोपडीत एक गांधीजींचे चित्र होते आणि एक गरीब खेडुताचे. हा कोण, असे विचारल्यावर ते सांगत, हा माझ्या गुरूचा गुरू. ३० जानेवारी १९६०, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, त्यांचे निधन झाले.

आपण सगळे आता चाळिशी ओलांडलेले. मुलांच्या परीक्षा, आई-वडिलांची दुखणी, घराचे हप्ते यांतून मान वर काढली की 'हे सगळे कशासाठी' हा प्रश्न येतोच. कुणी त्याला देवाची इच्छा म्हणेल, कुणी कर्तव्य, कुणी नुसतीच अस्वस्थता. माझ्या व्यवसायात प्रोग्रॅम चालतो की नाही हे लगेच कळते, पण तो कुणाच्या उपयोगाचा आहे हे पडद्यावर दिसत नाही. ते बाहेर जाऊन पाहावे लागते. कुमारप्पांनी तेच केले. आपल्याला जे उत्तम येते, म्हणजे हिशेब, ते घेऊन ते ज्याच्याकडे काहीच शिल्लक नव्हते त्याच्या दारात गेले. पुढचा रस्ता तिथून दिसला.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मोकळे आहोत. सेवाग्रामला तर जाणारच आहोत, जाताना मगनवाडीत थांबू या. संग्रहालयात घाणी आणि चरखे पाहू. आपल्या सरांनी आणि बाईंनी बरोबर यावे, ही विनंती. आणि ज्या मित्रमैत्रिणींच्या घरी नाताळला दिवे लागतात, त्यांनी या वेळी गप्प न बसता आपल्या आजी-आजोबांच्या गोष्टी सांगाव्यात. त्याही याच जिल्ह्याचा इतिहास आहेत, आणि आपण अजून ऐकलेल्या नाहीत.