मित्राची गोष्ट आणि पंचावन्न वर्षांचा संसार

सनीव्हेलहून ऑफिसला जाता-येता आम्ही इतिहासाचे आणि गुन्हेकथांचे पॉडकास्ट ऐकतो. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री त्यात भेटली, तर बहुधा खून किंवा आत्महत्येच्या प्रकरणातच. मराठीत काय आढळते, आणि आपल्या शेजारी काय घडले, याची ही थोडक्यात माहिती.

मित्राची गोष्ट: विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. काळ स्वातंत्र्यपूर्व. कॉलेजात शिकणारी सुमित्रा उर्फ मित्रा एका मुलीच्या प्रेमात पडते. ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. शेवटी मित्रा आत्महत्या करते.

उंबरठा: जब्बार पटेल यांच्या १९८२ च्या या चित्रपटात महिलाश्रमातल्या दोघींचे असे नाते दिसते आणि आश्रमात खळबळ उडते.

सॅन फ्रान्सिस्को: डेल मार्टिन आणि फिलिस लायन या १९५३ पासून एकत्र राहिल्या. १९५५ मध्ये त्यांनी मैत्रिणींसह 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' ही संस्था काढली. १६ जून २००८ रोजी त्यांचे कायदेशीर लग्न झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेल वारल्या.

कायदा: समलिंगी व्यक्तींचे योगदान शाळेच्या इतिहासात शिकवावे, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले.

मुलांनी विचारले, तर आपण दोन्ही गोष्टी सांगाव्यात. ऐकणारी आपलीच लेक असू शकते. तिला मित्राचा शेवट ठाऊक असावा, तसा पंचावन्न वर्षांचा संसारही.