एका स्वराचा शोक, अनेकांचे ऋण

पुण्याची मूळ वस्ती म्हणजे कसबा पेठ. येथील ग्रामदैवताचा उत्सव आला की ध्वनिक्षेपकांवरून लता मंगेशकरांच्या स्वरातील आरती घुमू लागते. लाल महालही याच पेठेत आहे. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७४ साली हृदयनाथ मंगेशकरांनी सिद्ध केलेल्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेमुळे तो स्वर शिवचरित्राशीही जोडला गेला. देह गेला तरी स्वर उरतो, तो असा.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाईंचे मुंबईत निधन झाले. राष्ट्राने दोन दिवसांचा दुखवटा पाळला, महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या दिवशी सुटी दिली आणि शिवाजी पार्कवर पंतप्रधानांच्या उपस्थितीत शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. सीमेपलीकडे पाकिस्तानातही हळहळ व्यक्त झाली.

या सन्मानाच्या पार्श्वभूमीवर पुणेकरांना २४ एप्रिल १९४२ या दिवसाचे स्मरण व्हावे. बलवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ त्या दिवशी याच शहरात अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. ज्याच्या गायनाने रंगभूमी गाजली, त्याचा संसार विपन्नावस्थेत मागे राहिला आणि त्याचा भार बारा वर्षांच्या थोरल्या कन्येवर पडला. त्याच कन्येच्या पुढाकाराने २००१ साली पित्याच्या नावाचे रुग्णालय पुण्यात उभे राहिले आणि त्याच वर्षी तिला भारतरत्न मिळाले.

मात्र या वारशाचे आणखीही काही धनको आहेत, आणि येथे आम्हांस आमच्या समाजाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवीत असे. पण तिला स्वरसंवाद जोडणे, दोन कडव्यांमधील वाद्यसंगीत रचणे आणि प्रत्येक वादकासाठी पाश्चात्त्य स्वरलिपीत कागद लिहून देणे हे काम वाद्यसंयोजकाचे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी केले. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत. उपासनेसाठी घेतलेली ती विद्या पुढे देशाच्या करमणुकीस कामी आली. शंकर-जयकिशन यांच्या गीतांना भव्यता देणारे सेबास्टियन डिसूझा हे अशांपैकी एक.

दुसरे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे शिष्य. भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याच्या ध्यासाने त्यांनी १९५८ साली स्वतःचा वाद्यवृंद उभारला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील त्याच्या कार्यक्रमात लताबाईही गायल्या. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे नाव एका विनोदी गीताच्या तोंडी बसले. शिष्याने वाहिलेली ती गुरुदक्षिणा होती. श्रोत्यांना मात्र ते नाव काल्पनिकच वाटले. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात ते गेले, तेव्हा राष्ट्रीय दुखवटा नव्हता.

यात लताबाईंकडे उणेपणा येत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गायक, कवी, संगीतकार यांना स्थान असे, संयोजकाला क्वचितच. समाज जे नाव वाचतो, त्यासाठीच रडतो. म्हणून जुन्या वादकांच्या घरी ज्या स्वरलिपीच्या वह्या अद्याप उरल्या असतील, त्या रद्दीत जाण्यापूर्वी जपणे हेच, आमच्या मते, त्या दिवंगत स्वराचे खरे श्राद्ध होय.