सत्तेचे औदार्य आणि देवळाचा उंबरठा

ज्या गोमंतकात १५६० साली इन्क्विझिशन आले, तेथेच १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतर हिंदूंना समान हक्क लाभले. १९११ साली धर्म व राज्य विभक्त झाले. त्या उदारमतवादाचे ऋण आम्ही मानतो. परंतु सत्तेने दिलेले सत्ताच हिरावून घेते: १९३० च्या वसाहत कायद्याने साऱ्याच गोमंतकीयांचे हक्क आकुंचित केले. औदार्य टिकते ते समाजाच्या आचरणात रुजल्यावरच. १९३३ च्या नियमावलीने देवस्थानांचा कारभार महाजनांकडे सोपवला, वर सरकारी देखरेख ठेवली. १९६१ साली ती राजवट गेली. महाजनांची यादी राहिली. यादीबाहेरचा भाविक देवापुढे समान, मग कारभारात मुका का? सत्तेला नीती शिकविण्यापूर्वी आपण आपल्या सभामंडपात याचे उत्तर द्यावयास हवे.